१९७९ चे पॉवर पॉप अल्बम, आठ महिने ऐकून झाल्यावर

डिसेंबरपासून एकाच वर्षाचे अल्बम ऐकून राहिलो, १९७९ चे, तेही फक्त पॉवर पॉप. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांना पटकन सांगतो, बीटल्ससारखी गोड चाल, दोन-तीन गळे सोबत, पण गिटार जोरात आणि तीन-साडेतीन मिनिटांत गाणं खल्लास. शब्द जुना आहे, द हू या बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्येच वापरला होता, पण दुकानात माल खपला तो १९७९ ला. मी नागपुरात कडबी चौकात मेट्रोत बसतो आणि खापरीला उतरून पुढे मिहानला जातो, तेवढ्यात एक अल्बम जवळपास होऊन जाते, म्हणून हा उद्योग सुचला. पहिल्या आठवड्यात सगळेच भारी वाटतात, कोणता टिकते ते तीन महिन्यांनी कळते, म्हणून एवढ्या उशिरा लिहून राहिलो.

सुरुवात सगळ्यांसारखी द नॅक या बँडच्या 'गेट द नॅक' पासून केली. त्यातलं 'माय शरोना' अमेरिकेत सहा आठवडे नंबर एकवर होतं. अल्बम दोन आठवड्यांत, अठरा हजार डॉलरमध्ये उरकलेला, आणि ऐकताना ते जाणवते पण, वरून काही चिकटवलेलं नाही, आणि ड्रम असा की बर्डीच्या गर्दीत पाय आपोआप उचलतात. पण फेब्रुवारीपर्यंत मला कंटाळा आला. पोरींबद्दल जे लिहिलं आहे त्याचं आधी हसू येते, मग दहाव्यांदा ऐकल्यावर पानठेल्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांवर कमेंट मारणारा एक मित्र असते ना, तसा तो गायक वाटायला लागते. 'माय शरोना' मात्र अजूनही पुढे ढकलत नाही. फक्त अल्बमवालं ऐका, गिटारचा पूर्ण सोलो आहे त्यात, रेडिओसाठी कापलेलं काही कामाचं नाही.

शोधायचा त्रास वेगळाच. या बँडवाल्यांनी नावं काय ठेवली आहेत! एक 'शूज', एक 'रेकॉर्ड्स', एक 'बीट', आणि '२०/२०' टाकलं की जामठ्याच्या क्रिकेट मॅचचे हायलाइट्स. 'बीट' नावाचा तर इंग्लंडात दुसरा बँड आहे, स्का म्हणजे जमैकाकडचं नाचायचं संगीत वाजवणारा, मी दोन दिवस तोच ऐकून म्हणत होतो बाबा हे कसलं पॉवर पॉप. आपल्याला पाहिजे तो पॉल कॉलिन्सवाला. बारा गाणी, पटपट संपतात. रोजच्या वरण-भातासारखा आहे तो, कंटाळा येत नाही आणि कोणाला मुद्दाम सांगायलाही जात नाही. '२०/२०' मधलं 'यलो पिल्स' ऐका, बाकी मला तरी ठीकठाक वाटला. द रेकॉर्ड्सचं 'स्टारी आइज' मात्र सोडू नका, त्यांचा मॅनेजर यांना इकडे लटकवून फ्रान्सला निघून गेला म्हणून त्याच्यावर काढलेला राग आहे तो, आणि चाल ऐकली तर वाटते प्रेमगीत आहे.

चीप ट्रिक या बँडचं 'अ‍ॅट बुडोकान' या यादीत धरायचं का यावर माझा मित्र भांडला. टोकियोतल्या लाइव्ह कार्यक्रमाची रेकॉर्डिंग एप्रिल १९७८ ची, जपानमध्ये आलं ऑक्टोबरात, पण अमेरिकेत आलं १९७९ च्या फेब्रुवारीत. मी धरतो. ते एवढं खपलं की यांचा तयार असलेला पुढचा अल्बम 'ड्रीम पोलीस' सप्टेंबरपर्यंत थांबवून ठेवावा लागला. पोरींच्या किंचाळ्यांनी सकाळी सकाळी डोकं उठते, संध्याकाळी ऐका.

इंग्लंडचा गायक निक लो, त्याचा 'लेबर ऑफ लस्ट' मला पहिल्यांदा साधारण वाटला होता. 'क्रूएल टू बी काइंड' इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे बारा नंबरवर गेलं, त्याच्या व्हिडिओत त्याच्या खऱ्या लग्नाची शूटिंग आहे, आपल्याकडे लग्नाच्या शूटिंगवर दुसऱ्यांची गाणी टाकतात, यानं आपलंच टाकलं. वाजवणारी मंडळी म्हणजे रॉकपाइल हा त्याचाच बँड, आणि याच चौघांनी त्याच काळात त्यांच्यातल्याच डेव्ह एडमंड्सचा पण अल्बम वाजवला, दोघांच्या कंपन्या वेगळ्या म्हणून नावं वेगळी. ते सोबत वाजवणं मुरलेलं आहे, कोणी पुढे पळत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत स्टेशनच्या जिन्यावरून उतरताना पण हा अल्बम बंद करावासा वाटला नाही, याच्यावर मी काय बोलू. एक लक्षात ठेवा, इंग्लंड आणि अमेरिकेच्या आवृत्तीत एकेक गाणं वेगळं आहे, 'एंडलेस ग्रे रिबन' आणि 'अमेरिकन स्क्वर्म' दोन्ही असलेली मिळाली तर तीच घ्या.

आणि आता शूजचा 'प्रेझेंट टेन्स'. इलिनॉयमधल्या झायन गावची पोरं, आधीचा अल्बम यांनी घरच्या हॉलमध्ये चार ट्रॅकच्या मशीनवर केलेला, मग मोठी कंपनी मिळाली आणि हा करायला थेट इंग्लंडच्या मॅनर स्टुडिओत. ड्रमर सोडून तिघंही लिहितात, तिघंही गातात, आणि गातात म्हणजे कसं, शेजारच्या खोलीत कोणी झोपलं आहे म्हणून हळू बोलून राहिले असं. गिटार मोठी, आवाज बारीक. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री जेवण झाल्यावर लहान स्पीकरवर मी हाच लावायचो. मार्चच्या शेवटी खिडकीत कूलर बसला आणि अल्बमच गायब झाला. खोटं नाही सांगत. कूलरचा जो घूं आवाज असते ना तो नेमका यांचा गळाच खाऊन टाकते, नुसता ड्रम टकटक येत राहते, तिथं नॅक आरामात ऐकू येते पण हे नाही. आवाज वाढवला तर गिटार कर्कश होते, गाणारे तिथंच. हेडफोनमध्ये ऐकून पाहिलं, घामानं कान चिकटतात, आणि हेडफोन लावून बसलो की घरच्यांना वाटते मी चिडलो आहे. शेवटी एप्रिल, मे आणि जवळपास अख्खा जून शूज बंद, बाकीच्यांवर दिवस काढले.

जूनच्या शेवटी दोन-तीन चांगले पाऊस पडले, कूलर काढला, ताट्या गच्चीवर वाळत घातल्या, आणि त्या रात्री 'टुमॉरो नाइट' लावलं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, दोन मिनिटं उभी राहून ऐकलं आणि म्हणते, "हे चांगलं आहे हो, नवीन आणलं का?"

जानेवारी-फेब्रुवारीत रोज रात्री हेच वाजत होतं, हे मी तिला अजून सांगितलं नाही.