भाड्याने दिलेले घर: स्वतः पाहावे, नातेवाइकांवर सोपवावे की व्यवस्थापक नेमावा?

पुण्यातला फ्लॅट भाड्याने देऊन नोकरीसाठी परगावी किंवा परदेशी राहणाऱ्या कुटुंबापुढे तीन वाटा असतात: घर दुरून स्वतः सांभाळणे, गावातल्या नातेवाइकाला लक्ष ठेवायला सांगणे, किंवा मोबदला देऊन व्यवस्थापक नेमणे. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटच्या बाबतीत मी या तिन्ही वाटांनी गेलो आहे. पहिली दोन वर्षे मी तो बंगळुरूहून सांभाळला, पुढची तीन वर्षे मामांनी पाहिला आणि त्यानंतर तो व्यवस्थापकाकडे दिला.

बहुतेक जण आधी शुल्क विचारतात, म्हणून तो हिशेब आधी मांडतो. समजा, भाडे 25,000 रुपये आहे आणि शुल्क भाड्याच्या 8 टक्के ठरले. महिन्याचे 2,000 रुपये झाले; संस्था जीएसटीखाली नोंदलेली असेल तर 18 टक्के धरून 2,360, म्हणजे वर्षाला 28,320. एका महिन्याच्या भाड्याहून ही रक्कम जास्त आहे. शिवाय आयकरात घरभाड्याच्या उत्पन्नातून, भरलेला मालमत्ता कर वजा केल्यावर, 30 टक्क्यांची सरसकट वजावट मिळते आणि त्यापलीकडे व्यवस्थापकाचे शुल्क किंवा दुरुस्तीचा खर्च वेगळा दाखवता येत नाही. त्यामुळे हा पैसा पूर्णपणे खिशातून जातो, हे धरूनच निर्णय करावा.

तुम्ही त्याच शहरात राहत असाल आणि घर एकच असेल, तर हा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. भाडेकरू शोधणे आणि लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ही कामे एजंट एका करारापुरती साधारण एका महिन्याच्या भाड्यात करून देतो, भाडे बँकेत जमा होते, आणि उरलेल्या कामासाठी वर्षातून चार-सहा फेऱ्या पुरतात. मात्र एजंट आणि व्यवस्थापक यांत गल्लत करू नये. किल्ली हातात दिली की एजंटचे काम संपते.

अंतर वाढले की चित्र बदलते. दुसऱ्या वर्षीच्या जुलैत खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला त्यांच्या बाथरूमच्या छताचा फोटो पाठवला, तेव्हा तिथे ताटलीएवढा ओलसर डाग होता. प्लंबर दुपारी यायचा आणि भाडेकरू रात्री आठला घरी यायचा; मी बंगळुरूहून दोघांना फोन करत राहिलो आणि चार आठवड्यांत डाग पसरून प्लास्टर सुटले. दोष निघाला नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, सांध्यात. तो सांधा बसवायला दीड तास लागला आणि खर्चही किरकोळ होता. काकूंचे छत पुन्हा प्लास्टर करून रंगवून देण्याचा खर्च मात्र त्याच्या कितीतरी पट झाला. त्या महिन्याभरात प्लंबर आला असताना दार उघडायला तिथे कोणी उभे असते, तर एवढे झाले नसते.

मामांनी हे दार तीन वर्षे मनापासून उघडले. पण गिझर बंद पडला म्हणून अडुसष्टाव्या वर्षी ते तीन जिने चढत होते आणि उशिरा येणारे भाडे मागायला त्यांना संकोच वाटत होता, तर मला त्यांच्याकडे हिशेब मागायला. नात्यातल्या माणसाकडे जादा किल्ली जरूर ठेवावी, अडीनडीला त्याला जरूर हाक मारावी. पैशांचा व्यवहार मात्र त्याच्या अंगावर टाकू नये.

व्यवस्थापक नेमताना एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तो तुमची धावपळ कमी करतो, कायदेशीर जबाबदारी तुमचीच राहते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि त्यात कसूर झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. सोसायटीची नोटीसही सभासद म्हणून तुमच्याच नावाने येते. चांगला व्यवस्थापक सोसायटीचे बिल वाचतो आणि बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सोसायटी घेते ते) सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावले असेल तर ते लगेच निदर्शनास आणून देतो. असा एखादा प्रश्न विचारून त्याची तयारी आधीच जोखता येते.

परदेशस्थ मालकांनी आणखी एक प्रश्न विचारावा. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही असो, भाडेकरूने त्यातून 30 टक्के आणि वर उपकर, म्हणजे सामान्यतः 31.2 टक्के कर कापून सरकारकडे भरायचा असतो. बऱ्याच भाडेकरूंना हे ठाऊक नसते. व्यवस्थापकालाही ते ठाऊक नसेल, तर त्याचे शुल्क कमी असूनही तो महागात पडेल. त्याला करारावर तुमच्या वतीने सही करायची असेल, तर मुखत्यारपत्र तेवढ्याच कामापुरते द्यावे. घर विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा अधिकार त्यात चुकूनही येता कामा नये. परदेशात केलेल्या मुखत्यारपत्रावर ते इथे पोहोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे लागते.

माझा पहिला व्यवस्थापक वेळेवर फोन उचलायचा, पण स्वयंपाकघरातला नळ बदलल्याचे 3,400 रुपये त्याने न विचारता आणि पावती न देता भाड्यातून कापून घेतले. दुसऱ्याशी करार करताना मी अटी लिहूनच घेतल्या. भाडे आणि अनामत रक्कम थेट माझ्या खात्यात यावी आणि शुल्क मी वेगळे द्यावे. 2,000 रुपयांवरच्या दुरुस्तीला आधी माझी संमती घ्यावी, काढलेला जुना भाग फोटोत दिसावा. दर तीन महिन्यांनी, भाडेकरूला आधी कळवून, बाथरूम, सिंकखालची जागा आणि गॅलरीचा पन्हाळ प्रत्यक्ष पाहावा. आणि करार मोडायचा झाल्यास महिन्याभराच्या सूचनेनंतर किल्ल्यांचे सर्व जोड, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक आणि भाडेकरूच्या पोलीस पडताळणीची प्रत मामांच्या घरी आणून द्यावी.