एव्हरग्लेड्समधील अजगर-शोधाची रात्रफेरी : अभिप्राय

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही चौघे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या पश्चिमेला एव्हरग्लेड्स या विस्तीर्ण दलदलीत एका लहान कंपनीच्या रात्रफेरीला गेलो होतो. दलदलीतल्या कालव्याच्या बांधावरून सहा तास गाडी हळूहळू चालली आणि दिव्यांच्या झोतात गवत न्याहाळूनही एकसुद्धा अजगर दिसला नाही. याबद्दल माझी तक्रार नाही, कारण ब्रह्मी अजगराचा रंग गवतात इतका मिसळून जातो की तो समोर असूनही नजरेस पडण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. मात्र अजगर दिसला की सर्पमित्राला बोलावून त्याला रानात सोडायची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे तो परका, उपद्रवी प्राणी म्हणून मारण्यासाठीच शोधतात, हे पचायला वेळ लागतो.

फेरी मोलाची ठरली ती मध्यरात्रीच्या विश्रांतीत. वाटाड्याने स्पिरिटची एक बरणी पुढे केली. तिच्यात बोटाच्या दोन पेरांएवढा, फिकट, अंगावर वळ्या असलेला जीव होता आणि भिंगातून पाहिल्यावर त्याच्या तोंडाजवळ आकड्यांच्या दोन जोड्या स्पष्ट दिसल्या. दिसायला जंतासारखा असला तरी रायलिएटिएला ओरिएंटालिस नावाचा हा परजीवी खेकडा-कोळंबीच्या कुळातला आहे, आणि सापाच्या फुप्फुसात आकडे रुतवून तो रक्त पितो. पाळण्यासाठी आशियातून आणलेल्या अजगरांबरोबर तो इथे पोहोचला. त्याची अंडी सापाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, ती झुरळांसारख्या कीटकांच्या पोटात जातात, कीटकांना बेडूक आणि सरडे खातात, व त्यांच्यामार्फत परजीवी पुन्हा सापात शिरतो.

वाटाड्याने पुढे जे सांगितले, त्याने मी खरोखर अस्वस्थ झालो. अजगर आणि हा परजीवी यांचा सहवास फार जुना आहे, त्यामुळे अजगराचे त्याच्यावाचून फारसे अडत नाही आणि त्याच्यामुळे फारसे बिघडतही नाही. फ्लोरिडाच्या मूळच्या सापांना हा सहवास नवा आहे; त्यांच्या फुप्फुसांत हा परजीवी अजगरातल्यापेक्षा मोठा वाढतो. मध्य फ्लोरिडात त्याची लागण झालेले पिग्मी रॅटलस्नेक (तिथले लहान विषारी साप) मेलेले सापडले, आणि ती जागा अजगरांच्या वस्तीपासून शंभराहून अधिक मैल उत्तरेला आहे. म्हणजे अजगर अजून पोहोचलेलाही नाही, अशा ठिकाणी बेडूक-सरड्यांच्या आधाराने त्याचा परजीवी आधीच जाऊन बसला आहे. अजगर पकडून हा प्रश्न सुटेल, असे मला तोवर वाटत होते.

कंपनीच्या माहितीपत्रकात या बरणीचा उल्लेखही नाही, सगळी पाने अजगरांच्या छायाचित्रांनी भरलेली आहेत. आमच्यापैकी एकाने अजगरांच्या आजारांविषयी विचारले नसते, तर ती पेटीतून बाहेरही आली नसती. हा मला सेवेतला मोठा दोष वाटतो. वाटाड्याचे ज्ञान आणि त्याचा संयम यांना मात्र पूर्ण गुण द्यायला हवेत. डास असह्य असतात, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आणि गाडीत बसतानाच बरणी दाखवण्याची आठवण करून द्या.