लग्नसराईतले डोळे: घरचं काजळ की तपकिरी पेन्सिल?

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४० अंशांच्या वर आणि लग्नं नेमकी तेव्हाच. मेकअप केलाय हे कळू नये, पण डोळे उठून दिसावेत, असं वाटत असेल तर या दोन वाटा आहेत.

घरचं काजळ मला जिवाभावाचं. एरंडेलाचा दिवा, वर तांब्याचं ताट, धरलेली काजळी तुपात खलायची. तसा गडद रंग पेन्सिलीला येत नाही. पण त्यात मेण नसतं. तूप उन्हानं सैल होतं आणि जेवणाच्या पंगतीपर्यंत काजळ डोळ्यांखाली उतरतं. खालची कड काळी भरली की डोळाही लहान दिसतो. (तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत मात्र घालू नका, कपाळाला तीट पुरे.)

पेन्सिलीत मेण असतं, म्हणून ती जास्त टिकते. सावळ्या-गव्हाळ रंगावर तपकिरी छटा सावलीसारखी मिसळते. सलग रेघ ओढू नका. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बारीक ठिपके द्या, बाहेरच्या कोपऱ्याकडं जरा दाट, मग कापसाच्या काडीनं पुसट करा. केस दाट वाटतात, रेघ दिसतच नाही. वरून त्याच रंगाची कोरडी आयशॅडो हलकेच दाबली की घामातही सहसा पसरत नाही. खालची कड मोकळीच ठेवा. आणि पेन्सिल बहिणीबहिणींतही वाटून वापरू नका, डोळ्यांचा संसर्ग तसाच पसरतो.

दुपारच्या मुहूर्ताला मी पेन्सिलच घेते. रात्रीच्या घरगुती कार्यक्रमाला मात्र आजीच्या डबीतलं काजळ, बोटानं पुसट केलेलं.