आत चांगलं, पण बाहेरचा फलक उतरवा

शनिवारी नातवाला घेऊन टिळकवाडीतल्या नव्या गेम झोनला गेले. आत स्वच्छ, कामाला असलेली मुलं नम्र, तासाला १५० रुपये. पण दारावरचा फलक! कपाळाला पिस्तूल टेकवलेला माणूस, गालावरून ओघळणारं रक्त. समोरच रिक्षा थांबा, तिथं शाळेची पोरं उभी असतात. सहा वर्षांचा नातू पदर धरून विचारतोय, "आजी, तो मेला काय गं?" सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र असलं की लहानांना दाराशीच अडवतात, रस्त्यावरच्या चित्राला कोण अडवणार? काउंटरवर सांगितलं, तर "डिझाइन वरनं येतंय ओ मावशी." मग भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे फोटोसकट तक्रार केली. १९८५ पासूनची संस्था आहे, तक्रारीला पैसे पडत नाहीत. फलक उतरेपर्यंत माझे दोनच तारे.