मालिशवाल्या बाई नव्हेत, शिकवणाऱ्या सिस्टर

आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी कुरकुर करायला नको. ह्या सिस्टर बाळाला न्हाऊ घालायला, बाळंतिणीचं अंग चोळायला किंवा शेगडी पेटवायला येत नाहीत. त्यासाठी मालिशवाल्या बाई लावा, आम्हीही लावल्या होत्या. ह्या येतात ते आईबापाला बाळ धरायला, पाजायला, ओळखायला शिकवायला. एका भेटीचे ७०० रुपये, आणि बसतात चांगला दीड तास. आकडा ऐकून माझी धाकटी बहीण हसली. म्हणाली, "पाजायला शिकवायचे पैसे? गाईला कोण शिकवतं गं?"

लेक पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून आमच्याकडे सोलापुरात विजापूर रोडला आली, ती ऐन मे महिन्यात. बाळंतपण सुखरूप झालं. पण दवाखान्यातून सोडताना "दर दोन-तीन तासांनी पाजत राहा" एवढंच सांगितलं, आणि पुढचा पेशंट घेतला. घरी आल्यावर पोरीच्या स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळ चुकचुक करायचं, दमून झोपायचं, अर्ध्या तासात पुन्हा टाहो. शेजारच्या वहिनींनी पावडरच्या डब्याचं नाव सुचवलंच. त्या डब्यावरच आईचं दूध सगळ्यात चांगलं असं छापलेलं असतं, कायद्यानेच छापावं लागतं, हे मला सिस्टरांकडून कळलं. १९९२ चा कायदा आहे म्हणे, त्याखाली ह्या डब्यांची जाहिरातही करता येत नाही. वहिनींना कोण सांगणार!

सिस्टर आल्या. घड्याळ आणि बांगड्या काढून पर्समध्ये टाकल्या आणि कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून पिंपातलं तांब्याने मीच घातलं. वाटलं, आता बाळ उचलतील. हातसुद्धा लावला नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि लेकीला म्हणाल्या, "ताई, तुम्ही रोज पाजता तसंच पाजा. मी नुसती बघते." आणि खरंच बघत राहिल्या, मध्ये एक शब्द नाही. मला राहवेना, मी दोनदा तोंड उघडलं, तर माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या.

मग म्हणाल्या, "काकू, दोन चादरी द्या की." आपल्या सोलापुरी चादरी, त्यांची गुंडाळी करून एक पाठीमागे, एक कोपराखाली. पोरगी तोपर्यंत बाळावर वाकून पाजत होती, म्हणून मान आणि पाठ भरून यायची. आता तिला मागे रेलायला लावलं आणि बाळाला तिच्याकडे आणलं, पोट पोटाला लागेल असं, कान, खांदा, कंबर एका रेषेत. स्तनाग्र तोंडात कोंबायचं नाही, बाळाच्या नाकासमोर धरायचं. त्याने जांभईएवढा मोठा आ केला की झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकवायची. खालचा ओठ बाहेर वळलेला पाहिजे आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरून जास्त दिसायला पाहिजे, खालून कमी. पहिल्यांदा जमलं नाही. सिस्टरांनी करंगळी बाळाच्या ओठाच्या कडेने आत सरकवून पकड सोडवली आणि पुन्हा करायला लावलं. तिसऱ्या खेपेला चुकचुक बंद झाली. जबडा कानापर्यंत हलायला लागला आणि दोन-तीन चोखण्यांनंतर गिळल्याचा बारीक आवाज. लेक म्हणाली, "आई, दुखत नाहीये." ७०० रुपये तिथेच फिटले.

बाळाचं वजन थोडं उतरलं होतं, त्याची पोरीने फार धास्ती घेतली होती. सिस्टरांनी समजावलं की पहिल्या काही दिवसांत सात ते दहा टक्क्यांपर्यंत वजन उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत येतं. दूध पुरतंय का, हे लंगोटावरून बघायचं. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला पाहिजेत. मी कॅलेंडरवर पेन्सिलीने रेघा ओढायला लागले. आमच्या ह्यांनी विचारलं, दुधाचा रतीब मोजतेस का? म्हटलं, तसंच समजा.

खरी जुंपली ती पाण्यावरून. सोलापूरचा मे महिना, दुपारी अंगणात पाय टेकवत नाही, आणि ह्या म्हणतात बाळाला सहा महिने पाण्याचा थेंबही द्यायचा नाही. मी म्हटलं, उकळून गार केलेलं चमचाभर? नाही. आईच्या दुधात ८० टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, उन्हाळ्यात फक्त जास्त वेळा पाजा आणि पाणी बाळंतिणीला प्यायला द्या. पाण्याने इवलंसं पोट भरतं आणि दूध कमी जातं. मधही नाही, कारण वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बॉट्युलिझम नावाचं जिवावरचं दुखणं होऊ शकतं. बाळगुटीही नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा चालेल, त्यावर हरकत घेतली नाही. घेतली असती तर मीही ऐकून घेतलं नसतं.

दुसऱ्या भेटीत पाजण्यापेक्षा बाळाशी ओळख करून घेण्यावर भर होता. बाळ रडलं म्हणजे भूक लागली असं आपण धरतो. पण रडणं हे शेवटचं. आधी ते मान वळवून तोंड शोधतं, ओठ चाटतं, मूठ तोंडाकडे नेतं. तेव्हाच घेतलं तर दोघंही शांत असतात. आणि नव्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणजे पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं. "तिथे मोबाईल धरू नका ताई," एवढंच बोलल्या. पोरीने फोन उशीखाली सरकवला.

आमचे जावई पुण्यात नोकरीला. शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने यायचे, घरात पाय ठेवायला रात्रीचे दहा-सव्वादहा, आणि सोमवारी पहाटे परत. बाळाला घेतलं की खांदे आखडायचे. रविवारची भेट मुद्दाम त्यांच्यासाठी मागितली, तिचे शंभर रुपये जादा पडले. सिस्टरांनी सरळ शर्ट काढायला सांगितलं, खुर्चीत रेलवलं आणि लंगोट-टोपीतलं बाळ उघड्या छातीवर पालथं ठेवलं. सासूने अशा वेळी स्वयंपाकघरात जायचं असतं. मी गेले. दार मात्र लोटून घेतलं नाही. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा कमी दिवसांची बाळं अशी छातीशी ठेवायला सुरुवात झाली, ही माहिती सिस्टर देत होत्या आणि जावई मान हलवत होते, पण लक्ष सगळं छातीवरच्या गाठोड्याकडे. मी आतूनच ओरडले, ह्या उकाड्यात अंगाला अंग कशाला? उत्तर आलं, वरून दुपटं घालायचं नाही, कूलरचा झोत थेट बाळावर सोडायचा नाही. नाक मोकळं दिसलं पाहिजे, मान दुमडायला नको, आणि दादा, तुम्हाला झोप आली की बाळ उठवून पाळण्यात उताणं ठेवायचं. तेव्हापासून रविवारी पाजून झाल्यावर ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं जावयांकडे. माझ्याकडे बाळ द्यायला आले तरी मी घेत नाही.

एकदा मला बाहेर पाठवून त्या लेकीशी एकट्याच बोलल्या. राग आला, खोटं कशाला बोलू. नंतर कळलं, ती रात्री रडत होती, मला सांगत नव्हती. पहिले दोन आठवडे असं रडू येतं. त्यापुढे चालू राहिलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल किंवा बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. सरकारच्या टेली मानस ह्या मनाच्या आरोग्यासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांनी फ्रिजवर चिकटवून दिला.

आता तक्रारी. अकराची वेळ सांगून पाऊण वाजता येतात. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. रात्री फोन उचलत नाहीत, आणि बाळं रात्रीच छळतात. जाताना देतात तो माहितीचा कागद इंग्रजीत. अहो, ह्या गावात घरात मराठी, शेजारी तेलुगू, समोर कन्नड, पलीकडे उर्दू. बाई स्वतः आमच्या शेजारणीशी फाडफाड तेलुगू बोलल्या, मग कागद कुणासाठी?

७०० रुपये जड जात असतील तर आधी तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी त्यांनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी यायचं असतं, फुकट. बाळाची घरी अशी काळजी घेता येते हे अभय आणि राणी बंग ह्यांनी आपल्या गडचिरोलीत करून दाखवलं आणि १९९९ साली ते लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं. चिरा पडल्या असतील, बाळ छातीला लागत नसेल, तर मात्र ह्या सिस्टर बोलवा, आणि बारशाची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात बोलवा. पाचपैकी चार देते. एक वेळेचा कापला. दोन चादरी, एक खुर्ची आणि पिंपभर पाणी तयार ठेवा. पावती पहिल्याच दिवशी मागून घ्या.