वस्तीतलं फायर स्टेशन: घरासारखं दिसणारं हवं की गाडी आरपार जाणारं?

वस्तीत फायर स्टेशन येणार म्हटलं की चर्चा लगेच दिसण्यावर जाते, उतरतं छप्पर घ्या, विटा लावा, आजूबाजूच्या घरांत मिसळलं पाहिजे वगैरे. ठीक आहे, पण रात्री अडीचला शेजाऱ्यांची झोप मोडते ती छपरामुळे नाही, गाडी आत कशी येते त्यामुळे. म्हणून मी तरी आधी तेच बघेन.

पहिला पर्याय रिव्हर्सवाला. गाडी पुढून निघते आणि परत आल्यावर त्याच दारातून मागे घेत आत लावायची. जागा कमी लागते, एकाच बाजूला रस्ता असला तरी चालतं, वस्तीतल्या मधल्या प्लॉटवर बहुतेक हेच बसतं. पण दर वेळी गाडी रस्त्यावर आडवी, एक जवान खाली उतरून ट्रॅफिक थांबवतोय, वर तो बीप बीप आवाज, आणि मागे घेताना ठोकर बसायची भीती असतेच. आरपारवाल्यात गाडी मागून आत येते नि पुढून निघते, त्यामुळे ही भानगडच नाही. मात्र मागे सगळा काँक्रीटचा रस्ता करावा लागतो, झाडांची जागा जाते, आणि त्या रस्त्याला लागून ज्यांची घरं त्यांच्या खिडकीत हेडलाइट येतात, म्हणजे त्रास पुढच्यांकडून मागच्यांकडे सरकतो. कोपऱ्यावरचा प्लॉट असेल तर आरपारच घ्या, बाजूच्या रस्त्यावरून वळून आत येता येतं आणि मागे भिंत आणि झाडांची रांग बसते.

एक मजला की दोन? एका मजल्यावर जवान झोपेतून उठून सरळ गाडीकडे धावतो. एनएफपीए १७१० ह्या अमेरिकन मानकात आगीच्या कॉलला तयार होऊन निघायला ८० सेकंद धरलेत, त्यात जिना आला की काही सेकंद गेलेच. वरच्या मजल्यावरून घसरत खाली उतरायचा तो प्रसिद्ध खांब १८७८ मध्ये शिकागोत ह्याच कारणासाठी आला, पण त्यावरून उतरताना पाय मोडतात, आणि खांबाच्या भोकातून डिझेलचा धूर वर झोपायच्या खोलीत जातो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २०१२ मध्ये स्पष्टच सांगितलंय, म्हणून सायलेन्सरला जोडायचा धूर खेचणारा पाइप आणि गाड्यांची जागा नि राहायच्या खोल्या ह्यांच्यामध्ये बंद दाराची छोटी खोली, ह्यावर खर्च वाचवू नका. दोन मजल्यांचा फायदा एवढाच की जागा वाचते.

दिसण्याबद्दल खरी अडचण उंचीची आहे. गाडीचं दारच सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे वरच्या बीमसकट ती खोली दोन मजली घराएवढी होते, मग तिला बंगल्याचं सोंग द्यायला गेलं की सोंगच दिसतं. अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खरंच बंगल्यासारखी स्टेशनं बांधली, पण तेव्हाच्या गाड्या लहान होत्या हो. दुसरं टोक म्हणजे वास्तुविशारद झाहा हदीदचं जर्मनीतलं, व्हिट्रा ह्या फर्निचर कंपनीसाठी बांधलेलं १९९३ चं स्टेशन, टोकदार काँक्रीट, बघायला भारी, पण ते कारखान्याच्या आवारात आणि पुढे तिथे फायर ब्रिगेड राहिलीच नाही, आता प्रदर्शनं भरतात. मला मधला मार्ग पटतो: गाड्यांचा उंच भाग मोठ्या रस्त्याच्या बाजूला ठेवा, राहायचा बुटका भाग घरांच्या बाजूला, म्हणजे उंची उतरत जाते आणि मधल्या खोल्या आवाजही अडवतात.

दारांचं थोडक्यात. वर सरकणारं दार स्वस्त, पण उघडायला १२-१५ सेकंद, आणि पूर्ण वर गेलंय की नाही हे ड्रायव्हरला धड दिसत नाही, मग गाडीचं टप धडकतं. बाजूला घडी होणारं दार ६-७ सेकंदात उघडतं आणि उघडलंय हे समोरच दिसतं, महाग आहे खरं. बजेट एकाच ठिकाणी वाढवता येत असेल तर विटांऐवजी इथे वाढवा.

मधला प्लॉट असेल आणि रिव्हर्स टळतच नसेल तर निदान दारासमोर गाडीच्या लांबीपेक्षा जास्त मोकळी जागा मागा, म्हणजे गाडी धुताना किंवा तपासताना ती फुटपाथवर येत नाही. सायरन स्टेशनच्या आत स्पीकरवर असू दे, छतावर नको. आणि जनरेटर कुठल्या भिंतीला लागतोय ते नकाशात शोधा, कारण त्याची टेस्ट ठराविक दिवसांनी होतच असते आणि छपराच्या चर्चेत हा विषय कुणी काढतच नाही.