दोन थेंबांत नाक मोकळं झालं आणि माझे २१ हजार गेले

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हुक्केरी, तिकडं कागल-गडहिंग्लजपर्यंत ज्यांचं ज्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं असतं त्यांच्यासाठी हे लिहितेय. लांबलंय थोडं, पण वाचा. आपल्या भागात खोली भाड्यानं घेऊन "नाकातलं मास बिगर ऑपरेशन गाळून पाडतो" म्हणून औषध देणारी माणसं फिरतायत, मी त्यांना २१ हजार रुपये दिले, आणि पैशापेक्षा वाईट म्हणजे नाक होतं त्याच्याहून बिघडवून घेतलं.

मी तंबाखूच्या वखारीत वजनाच्या पावत्या लिहिते, १६ वर्षं झाली. निपाणीच्या माणसाला खकाणा, म्हणजे तंबाखूची उडणारी धूळ, काय असतो ते सांगायला नको, चाळण सुरू झाली की बायका तोंडाला पदर बांधून बसतात आणि नवीन माणूस दारातच शिंकायला लागतो. मला पहिली पाच-सहा वर्षं काही झालं नाही. मग सकाळी उठल्या उठल्या दहा-बारा शिंका सुरू झाल्या आणि पुढं शिंका कमी होऊन नाकच बंद राहायला लागलं. सर्दीसारखं वाहत नाही, कितीही शिंकरलं तरी काही येत नाही, आत कुणीतरी बोळा कोंबल्यासारखं. एका कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी बंद, मग तोंड उघडं टाकून झोपायचं आणि पहाटे घसा वाळून कोळ. वास तर गेलाच. दूध करपलं तरी मुलगी आतून ओरडायची तेव्हा मला कळायचं. गौरीच्या नैवेद्याला शेपूची भाजी केली, कढईवर वाकून बसले आणि शेपूचा वास आला नाही, त्या दिवशी मी रडले. घरातल्यांना वाटतं नाकच तर बंद आहे, त्यात काय एवढं. पण रात्रीची झोप नाही, जेवणाला चव नाही, दिवसभर डोकं जड, माणूस आतून खचतो.

ओव्याची पुरचुंडी, निलगिरी, विक्स, सगळं करून झालं होतं. मिरजेला दाखव म्हणून सगळे सांगायचे, पण हाड वाढलंय म्हणून कापतील आणि ते परत वाढतंय असं ऐकून ऐकून मी जायचं टाळलं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी स्टँडवर गाडीची वाट बघत फोनवर बोलत होते. शेजारी पांढऱ्या शर्टातला, पन्नाशीचा, घरंदाज दिसणारा माणूस. फोन ठेवल्यावर म्हणाला, "आक्का, राग मानू नका, नाक कधीपासून बंद हाय तुमचं? आवाजावरनं कळालं." मग सांगितलं की त्याच्या मंडळींचं असंच होतं, दोन ऑपरेशनं झाली, शेवटी एका वैद्यांनी महिन्याभरात पाडलं. एवढं बोलून तो गप्प. त्यानं काही विकलं नाही, पत्ता सांगितला नाही, नंबरसुद्धा मी मागून घेतला, आणि तो कोल्हापूरच्या गाडीत बसून निघून गेला. हे नीट लक्षात घ्या. विकायला आला असता तर मी सावध झाले असते. पुढं कळलं की आमच्याच वखारीतल्या एका बाईला सुद्धा स्टँडवर असाच पांढऱ्या शर्टातला माणूस भेटला होता, आणि तिच्याही आवाजावरनंच त्याला कळालं होतं.

वैद्य पंधरा दिवसांतून एका रविवारी हायवेच्या बाजूच्या नवीन वस्तीत एका घरात यायचा. गेले तर बाहेर दहा-बारा माणसं बसलेली. माझ्या शेजारची बाई न विचारता सांगायला लागली की ही तिची चौथी खेप, आता मोगऱ्याचा वास येतो, आधी कापूरसुद्धा कळत नव्हता. तिची खेप चौथी होती का चाळिसावी ते आता देवालाच माहीत. आत उदबत्ती, देवाचे फोटो. वैद्यानं नाडी धरली, बॅटरी मारून नाकात बघितलं आणि म्हणाला दोन्हीकडं मास लोंबतंय, अजून सहा महिने काढले तर दमा होणार. बोलायला अस्सल कोल्हापुरी. मला म्हणाला, "बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात गेलासा तर कन्नडात विचारत्यात आणि इंग्रजीत लिवत्यात, तुमचं दुखणं तुम्हाला धड सांगायला याचं नाही. हितं आपल्या भाषेत बोला." सीमाभागात वाढलेल्या माणसाला हे कुठं जाऊन लागतं ते त्याला बरोबर ठाऊक होतं. कन्नडातला सरकारी कागद हातात घेऊन कुणाला तरी वाचून दाखवा म्हणणारी माणसं आम्ही, आपल्या बोलीत कुणी "काय होतंय आक्का" म्हटलं की निम्मी भीती तिथंच जाते.

मग त्यानं दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडले आणि मान मागं टाकून बसायला सांगितलं. पाच मिनिटं झाली नसतील, नाक उघडलं. कित्येक वर्षांनी छातीच्या तळापर्यंत गार हवा गेली आणि समोरच्या उदबत्तीचा वास आला. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या क्षणाला त्यानं घर मागितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, हे मी खरं सांगतेय, कारण तुम्ही वाचताना म्हणाल की शिकलेली बाई कशी काय फसली. डोळ्यांनी बघितलेल्यावर माणूस शंका घेतो, पण आपल्याच नाकातून श्वास गेल्यावर शंका कुठून घेणार?

"हे नुसतं तोंड उघडायचं औषध, मूळ काढायचं वेगळं," म्हणाला. सहा महिन्यांचा कोर्स २१ हजार. त्यात रोज दोन पुड्या आणि थेंबांच्या बाटल्या. फोनपे चालत नाही, रोखच पाहिजे, आणि देवाच्या औषधाची पावती करायची नसते. भिशीचे पैसे मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी ठेवलेले होते, ते दोन हप्त्यांत दिले. नवऱ्याला निम्मीच रक्कम सांगितली होती, ते ओझं अजून मनावर आहे.

पहिले दहा-बारा दिवस स्वर्ग. झोप लागली, चव आली, वखारीत चौघींना मीच नंबर दिला. सगळ्यात जास्त मला ह्याचंच वाईट वाटतं. मग दिवसातून दोनदा पुरणारे थेंब चार वेळा लागायला लागले, मग दर दोन तासांनी, रात्री बाटली उशाखाली. एकदा लग्नाला जाताना बाटली घरी राहिली तर तवंदी घाटातच जीव घाबरा झाला, गाडीतून उतरून परत फिरले. छातीत धडधडायचं. थेंब उतरले की नाक असं बंद व्हायचं की आधीचं बरं होतं म्हणायची पाळी. पुड्यांनी भूक प्रचंड वाढली, तोंड गोल झालं, सासूबाई म्हणाल्या अंगानं भरलीस, औषध मानवलंय. वैद्याला फोन केला तर म्हणाला पथ्य मोडलंसा, दही खाल्लंसा. खरंच मी एकदा ताक प्यायले होते, म्हणून गप्प बसले.

फेब्रुवारीतली गोष्ट. रात्री वाफ घेत होते, बाटली पातेल्याच्या कडेलाच ठेवलेली. वाफेनं तिच्यावरचं "वनौषधी नासिका अर्क" लिहिलेलं हिरवं स्टिकर एका कोपऱ्यातून उचललं. नखानं ओढलं तर सगळंच निघून आलं आणि खाली दुसरं लेबल, छापील, इंग्रजी. किंमत काळ्या शाईनं फासलेली. भाचा मेडिकलमध्ये कामाला आहे, त्याला फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन, "काकू, हे झायलोमेटाझोलिन आहे, सर्दीचे साधे थेंब, आमच्याकडं शंभराच्या आत मिळतंय की." बाटलीला जो औषधी वास यायचा तो वरून चोळलेल्या निलगिरीचा.

मी वैद्याला फोन केला. आधी म्हणाला कंपनीची बाटली नुसती भरायला वापरतो, मग म्हणाला दुसऱ्या टप्प्याचे नऊ हजार भरा म्हणजे मास पडेल, मग फोन बंद, तो बंदच. त्या रविवारी घरी गेले तर कुलूप, मालक म्हणाला भाडं बुडवून गेले. पोलिसांत अर्ज दिलाय. पण माझ्याकडं ना पावती, ना खरं नाव, ना पैसे दिल्याचा पुरावा. शिवाय रागाच्या भरात मी आधीच्या रिकाम्या बाटल्या आणि शिल्लक पुड्या फेकून दिल्या होत्या, दोनच पुड्या उरल्या. तुमच्याकडं असं काही असेल तर फेकू नका, औषध निरीक्षकाकडं तक्रार करायची तर तीच वस्तू हातात लागते. खऱ्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलवर कारखान्याचं नाव-पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि आत काय काय आहे ते असावंच लागतं. माझ्या हिरव्या स्टिकरवर ह्यातलं एकही नव्हतं आणि मी चार महिन्यांत एकदाही वाचून बघितलं नव्हतं.

शेवटी बेळगावला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं गेले. आपल्याकडं कर्नाटकाच्या सरकारी गाडीत बायकांना आधार दाखवलं की तिकिटाचे पैसे पडत नाहीत, म्हणजे जायला पैसे लागतात हे कारणसुद्धा नव्हतं. डॉक्टर कन्नड बोलणारे. मी घाबरतच मराठीत सुरू केलं, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "आक्का, हे औषध न्हवं, ही सवय आहे." आक्का शब्द तर दोन्हीकडचा. ज्या भाषेची भीती घालून मला लुटलं त्याच भाषेच्या माणसानं मला अर्धा तास बसवून समजावलं.

त्यांनी सांगितलं ते असं. नाकाच्या आत बाजूला मांसल घड्या असतात, त्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या. खकाण्यानं, धुळीनं त्या सुजतात, म्हणून शिंकरून काही येत नाही, कारण अडलेला शेंबूड नाहीच, आतली सूज आहे. दोन्ही नाकपुड्या आळीपाळीनं थोड्या बंद-उघड होणं सगळ्यांचंच असतं, सूज असली की ते जाणवतं. झायलोमेटाझोलिन त्या रक्तवाहिन्या आवळतं म्हणून पाच मिनिटांत नाक उघडतं. पण ५-७ दिवसांच्या वर वापरलं की औषध उतरल्यावर त्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात, मग परत थेंब, परत फुगणं. मी चार महिने तेच करत होते. दुर्बिणीनं बघितलं तर लोंबणारं मास वगैरे काही नव्हतंच. हाड थोडं वाकडं आहे, पण तसं पुष्कळांचं असतं म्हणाले. पुड्यांत काय होतं ते तपासल्याशिवाय सांगता येत नाही, पण वाढलेली भूक, गोल तोंड आणि उपाशीपोटी १४२ साखर बघून स्टिरॉइडचा संशय आहे म्हणाले. आणि हे महत्त्वाचं, अशा पुड्या बरेच दिवस खाल्ल्या असतील तर कळल्या कळल्या मनानं एकदम बंद करू नका, धोका असतो, डॉक्टरांना दाखवूनच कमी करा.

थेंब सोडवले ते आधी एका नाकपुडीचे, ती सुधारल्यावर दुसरीचे. पहिले आठ-दहा दिवस फार वाईट गेले, दोन उशा घेऊन बसूनच झोपले. सोबत फ्लुटिकासोनचा नाकातला स्प्रे दिला. हा पण स्टिरॉइडच, पण मोजका आणि नाकापुरता, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायचा. तो पाच मिनिटांत काही करत नाही, आठवडा-दोन आठवडे रोज मारल्यावर फरक कळतो, आणि नेमकं इथंच माणसं सोडून देतात. मारायची रीत पण आहे, उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या, टोक मधल्या पडद्याकडं न करता कानाच्या बाजूला, आणि मारल्यावर जोरात ओढायचं नाही.

कामावरून आलं की मी मिठाच्या पाण्यानं नाक धुते. पेलाभर पाणी, अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. पाणी उकळून गार केलेलंच, नळाचं किंवा बोअरचं थेट कधीच नको, पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूत जाऊन केरळात माणसं दगावलीत. वखारीत पदराऐवजी मास्क. पांघरुणं गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. आधीचे तपासणीचे पैसे सोडले तर महिन्याला पाचशेच्या आत भागतंय. नाक शंभर टक्के मोकळं झालेलं नाही, पावसाळ्यात परत चोंदलं, पण झोप लागते आणि यंदा गौरीला शेपूचा वास आला. एकाच बाजूचं नाक कायम बंद असेल किंवा रक्त येत असेल तर मात्र घरचे उपाय करत बसू नका, आधी दाखवा.

ज्या चौघींना मी नंबर दिला होता त्यांच्यातल्या तिघींनी औषध घेतलंच नव्हतं. चौथीनं घेतलं होतं, ती ऐकायला तयार नव्हती, म्हणायची तुला लागू पडलं नाही, मला पडलंय. काल मी तिच्या घरी गेले, चहाचं आधण ठेवलेलंच होतं, तिची बाटली वाफेवर धरली. तिचं स्टिकर निळं होतं. खाली तेच लेबल. बराच वेळ ती काही बोलली नाही, मग आत जाऊन पुड्यांचा डबाच आणून माझ्यापुढं ठेवला. तो डबा आणि तिची बाटली घेऊन उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी बेळगावला जातोय.